हरणीचं पाणी

बिरूअण्णा कुणाच्याही घरी गेले की घरातलं माणूस रीतीप्रमाणे पाण्याचा तांब्या घेऊन पुढे येई. अण्णा तो दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत आणि तसेच माघारी फिरून अंगणात उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे जात. बॉनेट उघडून तांब्यातलं पाणी रेडिएटरमध्ये ओतत. मग रिकामा तांब्या परत आणून म्हणत, "आता मला द्या." नव्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. जुन्या ओळखीच्या घरांतून लोक दोन तांबे घेऊनच बाहेर येत.

"आदी जनावर, मागनं मानूस," हे अण्णांचं ठरलेलं वाक्य. ते मेंढपाळाच्या घरात जन्मले. त्यांचे वडील कवठे महांकाळच्या माळावरून मेंढरं घेऊन पार कराडच्या पुढे चारायला जात, आणि वाटेत पाणी लागलं की कळपाचं पिऊन होईपर्यंत घरातलं कुणी ओठ ओले करत नसे. अण्णांनी मेंढरं सोडून सरकारी नोकरी धरली, पण तीही जनावरांच्याच दवाखान्यात. पदाचं नाव व्रणोपचारक. म्हणजे जखमा धुवायच्या, औषध लावायचं, पट्ट्या बांधायच्या. हा शब्द त्यांना निवृत्त होईपर्यंत धड उच्चारता आला नाही, पण त्याचा तोरा मात्र होता. "डाक्टर काय, आज हाय, उद्या बदली," ते म्हणत. "जखम आमच्याकडंच ऱ्हाती."

मी त्या दवाखान्यात शिकलो, असं सांगितलं की लोक हसतात. आमचं घर म्हणजे एक खोली, आणि त्यात माणसं खचाखच. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, तासगावकडे द्राक्षबागांत आणि बेदाण्याच्या शेडवर कामाला जात. घरात अभ्यासाला कोपरा नव्हता. शेजारी राहणाऱ्या अण्णांनी हे बघितलं आणि दवाखान्यातली औषधं ठेवायची खोली मला उघडून दिली. दहावी आणि बारावी मी तिथेच काढली. बाहेर एखादा बैल हंबरायला लागला की अण्णांचा आवाज येई, "ए गड्या, गप कर त्याला. आत पोरगं शिकतंय."

"आवं अण्णा, सुई तुमी टोचली. वरडणारच की त्यो."

"मग जरा हळू वरड म्हणावं."

मी बी.ए. झालो तेव्हा अण्णांनी दवाखान्यात पेढे वाटले आणि त्या दिवशी आलेल्या एका म्हशीलाही अर्धा खायला घातला. तेव्हापासून ते मला 'मास्तर' म्हणायला लागले. पुढे एम.ए., बी.एड. झाल्यावर साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजला मला खरोखरच शिकवायची नोकरी लागली, तेव्हा त्यांना त्याचं काहीच नवल वाटलं नाही. ती बी.ए. म्हणजे आमच्या घरातली पहिली पदवी. तिला फिनेलचा वास आहे, आणि मला तो वास अजून आवडतो.

आता गाडीविषयी. अण्णा निवृत्त झाले त्याच महिन्यात दवाखान्यातल्या डॉक्टरांची बदली झाली आणि त्यांची जुनी चारचाकी अण्णांनी घेतली. कधीकाळी ती पांढरी असावी. आमच्याकडे आली तेव्हा तिचा रंग दुधावरच्या सायीसारखा झाला होता. अण्णांनी तिचं नाव 'हरणी' ठेवलं. ती गळत होती. तेल गळत नव्हतं, पेट्रोल गळत नव्हतं. गळायचं ते इंजिन थंड ठेवणारं पाणी. चार गावं गेलं की काटा लाल खुणेकडे चढायचा आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायची.

दुसरा कुणी असता तर मिस्त्रीकडे गेला असता. अण्णाही एकदा गेले. मिस्त्री म्हणाला, रेडिएटर काढू, कापून बघू, नाहीतर नवा टाकू. अण्णांनी बॉनेट खाली आपटलं. "चालतं जनावर हाय ह्ये. तू मिस्त्री हायस का खाटीक?" मग त्यांनी स्वतःच उपचार सुरू केले, आणि ते त्यांना एकाच प्रकारे येत होते.

रोज सकाळी उठून ते गाडीखाली सरकवलेला पुठ्ठा ओढून बघत. डाग केवढा, कुठं पडलाय, रंग कसा, सगळं बघून अंगणात जाहीर करत, "रात्री बरी हुती. एकदाच झाली." रेडिएटरला ते पोट म्हणत आणि रबरी पाइपांना आतडी. पाइपावर ओल दिसली की ती जागा धुऊन, कोरडी करून, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि तिच्यावर पांढरं बँडेज. त्या बँडेजची गाठ इतकी सुबक असे की मोटारीच्या कामातलं काही न कळणारा माणूसही थांबून बघे. मात्र वाफ सोडणाऱ्या रेडिएटरचं झाकण त्यांनी कधी घाईनं उघडलं नाही. ओलं पोतं टाकून ते बाजूला बसून राहत. "तापलेल्या जनावराच्या तोंडात हात घालत नसत्यात," हेही त्यांचं एक वाक्य.

आणि सगळ्यांवरचा उपाय म्हणजे हळद. जनावराच्या जखमेत हळद भरायची हे त्यांच्या हाडात होतं, आणि सांगलीच्या बाजारातून त्यांच्या मेहुण्याकडून उत्तम हळद घरी येत असे. चमचाभर हळद त्यांनी रेडिएटरमध्ये टाकली, आणि आश्चर्य म्हणजे गळती थांबली. हळदीचा चुरा फुगून बारीक फटीत बसतो, असं मला नंतर कळलं. काही दिवसांनी ती पुन्हा सुरू होई, अण्णा पुन्हा चमचा टाकत. "औषध लागू पडतंय," ते समाधानानं म्हणत. "फकस्त पेशंट पथ्य पाळत न्हाई."

अशी सगळी हकीकत असताना माझ्या लग्नाची बोलणी निघाली.

आमच्या भागातल्या मुलांची लग्नं जमताना पहिला प्रश्न पगाराचा नसतो, पाण्याचा असतो. मुलीकडचे लोक फोनवर सगळं ऐकून घेतात आणि शेवटी गावाचं नाव ऐकल्यावर "कळवतो" म्हणतात. मला असे बरेच 'कळवतो' आले होते. नोकरी साताऱ्यात असली तरी सासर दुष्काळी भागातलं, सणावाराला पोरगी तिथंच जाणार, हंडे वाहणार, असं त्यांना वाटे. आणि आता आईचे मावसभाऊ सदामामा यांनी जे स्थळ आणलं होतं ते थेट कोयनानगरचं. मुलीचे वडील शेलार साहेब वीज प्रकल्पातून निवृत्त झालेले. धरणाच्या कुशीत वाढलेली मुलगी. माझा फोटो आणि माहिती मोबाइलवर पाहून ते एवढंच म्हणाले होते, "मुलगा चांगला वाटतो. पण तिकडं पाण्याचं काय?"

सदामामांनी यावर "समक्ष बोलू" म्हणून वेळ मारून नेली आणि आम्हाला दम भरला. "तिथं गेल्यावर पाणी हा शब्द कुणी तोंडातनं काढायचा न्हाई. पाऊस न्हाई, विहीर न्हाई, टँकर तर न्हाईच न्हाई. त्यांनी विचारलं तर द्राक्षाचं बोला. आन गाडीनं जावा, एष्टीनं नगं. घरची गाडी हाय असं मी सांगितलंय."

घरची गाडी म्हणजे कुठली, हे विचारायची गरज पडली नाही. अण्णा शेजारच्या अंगणातून सगळं ऐकत होते. "मास्तरला भाड्याच्या गाडीनं न्हेत्यात व्हय?" म्हणत ते हरणीकडे वळलेसुद्धा. मला ही मुलगी फोटोतच आवडली होती आणि हरणी मला पुरती माहीत होती. पण ज्या माणसानं बैलाला गप बसवून मला शिकवलं, त्याला नको कसं म्हणायचं? दादांनी माझ्याकडे बघितलं, मी दादांकडे बघितलं, आणि आई म्हणाली, "चांगल्या कामाला निघालाय. हुईल नीट."

पहाटे निघालो. पुढे अण्णा आणि मी, मागे आई-दादा आणि पाण्याचे कॅन. अण्णांची वाट नकाशातल्या रस्त्यानं जात नव्हती, पाण्यानं जात होती. तासगावजवळ एका बेदाण्याच्या शेडवर पहिला थांबा. मग एका देवळाचा नळ. मग एक पेट्रोल पंप, मग कराडच्या अलीकडचं एक चहाचं हॉटेल. प्रत्येक ठिकाणी लोक अण्णांना ओळखत होते आणि प्रत्येक ठिकाणी अण्णा मला पुढे करून सांगत होते, "आमचा मास्तर. पोरगी बघाय चाललाय. कोयनंला." हॉटेलवाला माझ्याकडे आणि वाफ सोडणाऱ्या हरणीकडे आळीपाळीनं बघून म्हणाला, "अण्णा, पोचंल का त्यो?"

"आज काय बी हुत न्हाई," अण्णा म्हणाले. "आज औषध दांडगं दिलंय."

मला तेव्हाच विचारायला हवं होतं की दांडगं म्हणजे किती.

पाटण मागे पडलं, रस्ता वळणं घेत चढायला लागला, डावी-उजवीकडे इतकी हिरवळ आणि इतकं पाणी की दादा खिडकीतून बघतच राहिले. काटा लाल खुणेवर जाऊन बसला तो उतरेना. आम्ही कॅनमधलं सगळं पाणी ओतलं. पाणी आत जाईना, वरच्या वर दाटून येई. "पोट फुगलंय जरा," अण्णा पहिल्यांदाच चिंतेनं म्हणाले. तशीच रडतखडत हरणी शेलारांच्या अंगणात शिरली आणि अण्णांनी चावी फिरवून ती बंद केली.

शेलार साहेब पायऱ्या उतरून आले. उंच, धिप्पाड, इस्त्रीचे कपडे. शेजारच्या बायका कुंपणाशी जमलेल्या. मी पांढऱ्या शर्टात, हातात पेढ्यांचा पुडा, गाडीच्या बरोबर समोर उभा राहून नमस्कार करायला वाकलो. आणि त्याच क्षणी बॉनेटच्या आत बँडेज सुटलं.

आधी फुस्स असा आवाज झाला, मग समोरच्या जाळीतून पिवळाधमक फवारा आला. माझ्यापर्यंत येईतो तो कोमट झाला होता, एवढंच नशीब. शर्ट, चेहरा, केस, पेढ्यांचा पुडा, सगळं पिवळं. मग कुंपणापलीकडून एक बाई म्हणाली, "अगं बाई, नवरदेवाला हळद लावूनच आणलाय की!"

शेलारांच्या मिसेस पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. अण्णा भानावर आले ते तांब्या बघून. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि तापलेल्या जनावराचं आपलंच वाक्य विसरून गाडीकडे धावले. वर ओरडले, "वैनी, अजून पाणी हाय का? बादलीभर आना! लय तान लागलीया!"

दादांनी डोळे मिटून घेतले. जो शब्द काढायचा नव्हता तो अण्णांनी साऱ्या कॉलनीला ऐकवला होता.

पण त्याहून मोठा आवाज शेलारांचा आला. "थांबा! थांबा म्हणतो ना! तापलेल्या इंजिनात गार पाणी? ब्लॉक तडकवायचाय का?" त्यांनी येऊन अण्णांचा तांब्या धरलेला हात वरच्या वर पकडला. मग वाकून आत बघितलं. या गृहस्थांची उभी नोकरी वीजगृहात यंत्रं थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पाइपांची देखभाल करण्यात गेली होती, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मग सरळ होऊन त्यांनी विचारलं, "हे पिवळं काय आहे?"

"हळद," अण्णा म्हणाले.

"कशात?"

"पोटात."

"किती घातलीत?"

अण्णांनी ओंजळ करून दाखवली. "येरवी चमचाच घालतो. पर आज शुभकार्य हुतं. म्हटलं, हात कशाला आखडायचा?"

"अहो, गाडी आहे का पिठलं आहे?"

शेलारांनी इस्त्रीचा शर्ट काढून खांबाला अडकवला, आतून पान्ह्यांची पेटी आणली आणि बनियनवर कामाला लागले. इंजिन निवेपर्यंत थांबले, मग रेडिएटरला नळी लावून उलट्या बाजूनं पाणी सोडलं. आतून हळदीचा लगदा यायला लागला. अंगणातून फाटकापर्यंत पिवळा ओहोळ वाहिला, त्यातून हिंडणाऱ्या कोंबड्यांचे पाय पिवळे झाले. शेलार तोंडानं अखंड बोलत होते आणि अण्णा त्यांच्या शेजारी उकिडवे बसून एखाद्या मोठ्या सर्जनला बघावं तसे बघत होते. फाटलेला पाइप बदलल्यावर शेलारांनी खालच्या पाइपाला हात घातला आणि हसायला लागले. तिथली क्लिप सैल होती. मूळ गळती तिथली. रेडिएटरला एवढी वर्षं काहीच झालेलं नव्हतं. स्क्रूड्रायव्हरनं त्यांनी ती आवळली.

"म्हंजे," अण्णा विचार करून म्हणाले, "पोटाची जखम हळदीनं भरली. ही नवी हाय."

शेलारांनी त्यांच्याकडे बघितलं. "बरं," ते म्हणाले.

इकडे मुलगी बघायचा कार्यक्रम झालाच नाही. आई आणि शेलारांच्या मिसेस स्वयंपाकघरात बोलत बसल्या. मला शेलारांचा एक शर्ट दिला, ज्यात माझ्यासारखे दोन पदवीधर मावले असते. बाहेरच्या खोलीत मी त्या शर्टात बसलो होतो. त्यांची मुलगी अश्विनी पोहे घेऊन आली, प्रश्न विचारायला कुणीच नाही असं बघून समोर बसली.

"तुमची गाडी नेहमी असं करते?"

सदामामांचा दम मला आठवला. पण माझे कान अजून पिवळे होते. मी म्हणालो, "गाडी आमची नाही. अण्णांची आहे."

"ते दिसतंय," ती म्हणाली, आणि खिडकीतून बाहेर बघत हसली. "बाबांना इतकं खूश मी निवृत्तीनंतर पहिल्यांदा बघतेय."

दुपारी जेवणं झाली तेव्हा शेलारांनी शेवटी तो विषय काढलाच. "अण्णा, राग मानू नका. येताना कुठं कुठं पाणी घेत आलात ते मी ऐकलं. तुमच्या भागात पाणी नाही, हे खरं ना? माझी मुलगी नळाला चोवीस तास पाणी बघत वाढलीय."

दादा ताटाकडे बघत राहिले. अण्णा मात्र शांतपणे भात कालवत म्हणाले, "आवं सायेब, तुमचं धरण भरलं की पाणी कुठं जातंय?"

"नदीत. कराडला कृष्णेला मिळतं."

"आन तितनं?"

"पुढं सांगलीकडं."

"तितनं त्ये उचलून कालव्यानं आमच्यात आणत्यात. उशिरा येतंय, कवा कवा येत बी न्हाई, पर आलं म्हंजे तुमचंच असतंय. तुमचं पाणी आमच्यात नांदाय येतंय, मग तुमची पोरगी यायला काय हरकत हाय?"

शेलार इतक्या जोरात हसले की त्यांना ठसका लागला. अण्णांनी आपल्यासमोरचा पेला उचलून त्यांना दिला.

निघताना ते एवढंच म्हणाले, "पुढच्या रविवारी आम्ही घर बघायला येतो. आमच्या गाडीनं." आले ते पेढ्यांबरोबर हिरव्या कूलंटचा कॅन घेऊन आले. आधी तो रेडिएटरमध्ये भरला आणि मग घरात येऊन लग्न ठरवलं. "यात आता हळद घालायची नाही," त्यांनी अण्णांकडून हात पुढे करून वचन घेतलं.

लग्न झालं. हरणी गळायची थांबली, आणि अण्णांची झोप उडाली. रोज सकाळी पुठ्ठा कोरडा. कुणाकडेही गेले, तांब्या घेऊन बॉनेट उघडलं, तर पाणी काठोकाठ. तरी ते सवयीनं तासगावच्या शेडवर आणि देवळाच्या नळावर थांबत आणि हिरमुसून परत येत. "पाणी मागतच न्हाई गड्या," ते मला फोनवर सांगत. "जनावरानं पाणी सोडलं म्हंजे आत काय तरी बिघडलेलं असतंय." मी समजावलं तरी ते पटत नसे. मग ते शेलारांना फोन लावत. "सायेब, आज बी प्याली न्हाई." शेलार सुरुवातीला यंत्रशास्त्र समजावत, पुढे तेच सकाळी फोन करून विचारू लागले, "काय अण्णा, पेशंट कसा आहे?" माझ्या लग्नामुळे दोन घरं जोडली गेली असं लोक म्हणतात. माझ्या मते ती एका क्लिपनं जोडली गेली.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. थोडा ताप आला, दवाखान्यात न्यायला हरणीच काढली, पण वाटेतच संपलं. मला ही बातमी साताऱ्यात कळली आणि मी वर्गातून उठून बाहेर आलो.

दहाव्याला शेलार कोयनेहून एकटे गाडी चालवत आले. मी आणि अश्विनी दोन दिवस आधीच पुन्हा आलो होतो. अंगणात मांडवाखाली माणसं बसली होती. अण्णांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, रीतीप्रमाणे पाण्याचा तांब्या त्यांच्या पुढे केला. शेलारांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि हरणी उभी होती त्या पत्र्याच्या शेडकडे गेले. मी मागोमाग गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं, झाकण फिरवलं, आत बोट बुडवलं आणि उजेडात धरलं.

बोट पिवळं होतं.

"रोज पहाटं चिमूटभर टाकायचे," मागून काकू म्हणाल्या. "जखम आतनं वली असती म्हणायचे. तुमाला सांगायचं न्हाई म्हणून माज्याकडनं शब्द घेतला हुता."

"वचन दिलं होतं मला," शेलार म्हणाले. त्यांचा आवाज रागावल्यासारखा येत होता आणि डोळे भरले होते. "ऐकलं नाही ते नाहीच."

मग त्यांनी तांब्या वाकडा केला. हरणी भरलेलीच होती. पाणी काठावरून उतू जाऊन पुढच्या चाकाशी सांडलं आणि आमच्या तहानलेल्या जमिनीनं ते लगेच पिऊन टाकलं. इतकं पाणी कशाला सांडता, असं त्या अंगणात कुणी म्हणालं नाही. शेलारांनी झाकण घट्ट बसवलं, बॉनेट हळूच टेकवलं आणि रिकामा तांब्या काकूंच्या पुढे धरला.

"आता मला द्या," ते म्हणाले.